सर्व पक्षकारांस

सॉफ्टवेअर ही स्थावर मालमत्ता की जंगम, असा प्रश्न मला पुण्यातल्या नोकरीत कोणी कधी विचारला नव्हता. तो अकोल्यात विचारला गेला, आणि तोही चहा यायच्या आधी.

विचारणारे होते माझ्या मैत्रिणीचे वडील. अकोल्यातले जुने दिवाणी वकील. शेताचे धुरे-बांध, भावाभावांच्या वाटण्या, विहिरीतला हिस्सा, दुकान न सोडणारे भाडेकरू, या भांडणांत त्यांची हयात गेली होती आणि त्यांना त्याचा जराही कंटाळा आलेला नव्हता. मैत्रीण अकरावी-बारावीला अमरावतीत शिकायला होती, तेव्हापासूनची आमची मैत्री. पुढे तीही वकील झाली, लग्न करून अमरावतीलाच राहिली आणि तिथे तिनं वडिलांच्या ऑफिसची दुसरी शाखा काढली. फर्म एक, गावं दोन. त्यामुळे एकाच माणसाचा दावा अमरावतीत, त्याचंच तहसीलमधलं प्रकरण अकोल्यात, कागद भलत्याच कपाटात आणि तारीख दोन्हीकडे एकाच दिवशी, असं सारखं व्हायचं. कोर्टाच्या तारखा हल्ली मोबाइलवर दिसतात, पण कागद कुठे ठेवलाय हे काही कोर्ट सांगत नाही.

मी तेव्हा पुण्याची नोकरी सोडून अमरावतीला परत आले होते आणि घराच्या वरच्या खोलीत बसून लहानमोठी कामं करत होते. मैत्रीण म्हणाली, "आमच्यासाठी एक सॉफ्टवेअर बनव ना. पण बाबांना पटवावं लागेल."

मी म्हटलं, त्यात काय, पटवू.

तर काकांनी माझं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे तुहं सॉफ्टवेअर स्थावर हाय का जंगम?"

"स्थावर तर नाही," मी म्हणाले.

"मंग जंगम झालं. उचलून दाखव."

मी लॅपटॉप उचलला.

"हे तं डबडं झालं. सॉफ्टवेअर उचल म्हनलं मी."

"ते असं उचलता येत नाही, काका."

"स्थावर नाई, जंगमबी नाई. मंग त्याचा ताबा मले देशीन कसा तू?"

मैत्रिणीनं मध्ये पडून चहा मागवला. काका कोर्टात शुद्ध मराठी बोलत, इंग्रजीही झकास बोलत, पण घरी आणि ऑफिसात वऱ्हाडीच. आणि वऱ्हाडीत विचारलेल्या प्रश्नाला बगल देता येत नाही, हे मी पुण्यात राहून विसरले होते.

काकांचा सॉफ्टवेअरला विरोध नव्हता. तसं ते पुन्हा पुन्हा सांगत. "मी विरोधात नाई बाप्पा. पन एका बाजूचं ऐकून हुकूम देणं मले जमत नाई." म्हणून त्यांनी या प्रश्नाची रीतसर सुनावणी घ्यायचं ठरवलं. मैत्रिणीनं सॉफ्टवेअर का हवं हे लेखी द्यायचं, मी ते कसं चालेल हे लेखी द्यायचं, मग ते त्यावर आपलं म्हणणं देणार आणि मग माझी उलटतपासणी. मला वाटलं, थट्टा आहे. मैत्रीण म्हणाली, "थट्टा नाही. घरात फ्रिज घेतला तेव्हाही असंच झालं होतं."

मग मी दर थोड्या दिवसांनी अमरावतीहून अकोल्याला जायला लागले. कधी बडनेऱ्याहून गाडीनं, कधी मैत्रिणीच्या कारमधून. गेलं की काका मनापासून स्वागत करत, जेवू घालत आणि पुढची तारीख देत. कधी त्यांच्या ज्युनियरला ताप असे, कधी ओळखीत कोणी गेलेलं असे. एकदा सगळं जमून आलं होतं, मी प्रोजेक्टर लावला होता, तर काका उठून उभे राहिले आणि म्हणाले, "वेळ मागतो."

"कशासाठी?" मैत्रिणीनं विचारलं.

"ते पुढच्या तारखेले सांगतो."

दुसऱ्या एका खेपेला मी जरा चिडून म्हटलं, "काका, आता ठरवलंत तर दिवाळीपर्यंत तयार करून देते."

"कोनत्या?" त्यांनी विचारलं.

शेवटी त्यांनी परवानगी दिली ती उलटतपासणीत मी हरले म्हणून. त्यांनी विचारलं, तुझं यंत्र चुकतं का? मी म्हटलं, माणूस चुकतो तेव्हाच चुकतं. मग माणूस चुकतो का? चुकतो. मग यंत्र चुकतं? मी म्हटलं, हो, चुकतं. काका खूश झाले. "खरं बोलली," ते मुलीला म्हणाले. "बनवू दे तिले."

काम सुरू झाल्यावर कळलं की परवानगी हा सोपा भाग होता. माझ्या पडद्यावर प्रत्येक प्रकरणापुढे 'चालू' किंवा 'बंद' असं निवडायची सोय होती. काकांनी 'बंद'वर बोट ठेवलं.

"हे काय हाय?"

"निकाल लागला की बंद."

"निकाल लागला की अपील असते. अपिलाचा निकाल लागला की अंमलबजावणी असते. ते झाली की त्याचे पोरं भांडतात. मी आजवर एकबी प्रकरण बंद झालेलं पाह्यलं नाई. तू पाह्यलं काय?"

मी पाहिलं नव्हतं. मैत्रीण म्हणाली, अमरावतीच्या ऑफिसात 'बंद' पाहिजे म्हणजे पाहिजे, हिरव्या रंगात. काका म्हणाले, अकोल्यात चालणार नाही. बरेच दिवस वाटाघाटी होऊन तीन पर्याय ठरले: 'चालू', 'सध्या शांत' आणि 'पुन्हा उठेल'. हे तीन शब्द मी खरोखर टाइप केले आहेत. 'सध्या शांत'ला मैत्रिणीनं हिरवा रंग मिळवला, तेवढीच तिची जीत.

दुसरा वाद तारखेचा. शांत पडलेल्या प्रकरणांना पुढची तारीख नसते, म्हणून मी ती जागा रिकामी सोडायची मुभा ठेवली होती. काका म्हणाले, तारीख नाही तर ते प्रकरणच नाही, रिकामं काही सोडायचं नाही. मग अशा सगळ्या प्रकरणांत काय भरायचं? काकांनी कॅलेंडर पाहिलं आणि पुढच्या महिन्यातला एक रविवार निवडला. "हे टाका साऱ्याइले. रविवारी कोर्ट बंद असते. ही तारीख खोटी हाय हे कोनालेबी समजन." ऑफिसच्या मुन्शींनी जुनी प्रकरणं कपाटातून काढून एकेक भरायला घेतली आणि सगळ्यांपुढे तो रविवार टाकला. काकांनी सांगितलेलं ते जसंच्या तसं करत. मी केलेलं यंत्रही तसंच करत होतं.

तिसरी गोष्ट म्हणजे तारखेच्या आधी जाणारा मेसेज. मैत्रिणीचा मजकूर साधा होता: 'उद्या तुमची तारीख आहे. काही अडचण असल्यास फोन करा.' काकांना तो पोरकट वाटला. अशा मेसेजनं कोण येणार? त्यांनी खुर्चीत मागे टेकून डोळे मिटले आणि मुन्शींना सांगितलं: "सर्व पक्षकारांस कळविण्यात येते की, नेमल्या तारखेस आपण जातीने न चुकता हजर राहावे. कसूर केल्यास होणाऱ्या परिणामांस आपण स्वतः जबाबदार राहाल." खाली आपोआप येणारी तारीख, ऑफिसचं नाव-पत्ता आणि तांत्रिक अडचणीसाठी म्हणून माझा मोबाइल नंबर.

मी विचारलं, "मेसेज पक्षकारांनाच जायचा ना?"

"सर्व पक्षकारांस. लिवलंच हाय तसं."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. वकिलाच्या तोंडी 'पक्षकार' म्हणजे त्याच्याकडे आलेला त्याचा माणूस. 'माझा पक्षकार आज आला नाही,' असं वकील म्हणतो ते याच अर्थानं. पण दाव्याच्या कागदात पक्षकार म्हणजे दोन्ही बाजूंची माणसं, वादी आणि प्रतिवादी, सगळे. काका बोलत होते पहिल्या अर्थानं. मुन्शींनी भरताना घेतला दुसरा, कारण ते कागदावरून भरत होते. शिवाय साक्षीदारांनाही बोलावावं लागतं म्हणून त्यांनी साक्षीदारांचे नंबरही त्याच रकान्यात टाकले. आणि ज्यांचा स्वतःचा फोन नव्हता त्यांच्या जागी मुलाचा, सुनेचा, शेजारच्या दुकानाचा. मी पाहिलं तेव्हा रकाना छान भरलेला होता. कोणत्याही सॉफ्टवेअरवाल्याला भरलेला रकाना पाहून समाधान वाटतं.

त्या रविवारच्या आदल्या दिवशी मेसेज गेले.

रविवारी सकाळी मी पोहे खात होते, तेव्हा मैत्रिणीचा फोन आला. "तू आवर, मी घ्यायला येतेय. बाबांच्या घरासमोर माणसं जमलीत."

"किती?"

"मोजता येत नाहीत म्हणाले मुन्शी. हलतायत."

बडनेरा मागे पडलं, तेव्हा आम्ही दोघी घाबरलेल्या होतो. मला वाटत होतं, लोक चिडून आले असणार. मैत्रिणीला वाटत होतं, बाबांचा रक्तदाब वाढला असणार. वाटेत तिनं त्यांना फोन लावला. काका मजेत होते. "आरामात या. घाई नाई. येतायेता मूर्तिजापूरहून कागदी कप घ्या, इथले संपून राह्यले."

काकांचं ऑफिस घराच्या आवारातच, पुढच्या दोन खोल्यांत. आम्ही पोचलो तेव्हा फाटकापासून पायरीपर्यंत खुर्च्या होत्या. मंडपवाला एका जुन्या दाव्यात प्रतिवादी होता, त्यालाही मेसेज गेला होता; तो आला, गर्दी पाहिली आणि परत जाऊन टेम्पोभर खुर्च्या घेऊन आला. लोक आपोआप दोन भागांत बसले होते. डावीकडे काकांचे, उजवीकडे त्यांच्याविरुद्धचे, लग्नात मुलाकडचे आणि मुलीकडचे बसतात तसे. मधून चहाची किटली फिरत होती. कोणी चिडलेलं नव्हतं. सगळे फक्त फार गंभीर होते.

मी एका माणसाला विचारलं, "रविवारी कोर्ट बंद असतं, मग तुम्ही आलात कसे?"

"म्हनून तं आलो," तो म्हणाला. "कोर्ट बंद असून वकीलसाहेबानं बलावलं, म्हंजे मामला भल्ला मोठा असन."

खोटी तारीख कोणालाही समजेल, असं काका म्हणाले होते. ती सगळ्यांना समजली होती, फक्त उलटी.

काका पायरीवर खुर्ची टाकून बसले होते आणि एकेकाला पुढे बोलावत होते. मी मेसेजचा घोळ सांगायला लागले, तर त्यांनी हातानं थांबवलं. "थे मंग पाहू. आदी आलेल्या मान्साइचं काम करू."

एक माणूस हातात कागद घेऊन पुढे आला. "साहेब, बाबूजी येऊ शकत नाई."

"काहून?"

"वारले."

"कवा?"

"लय वर्सं झाले. पन मॅसेजमंधी लिवलं होतं जातीने हजर राहावं, नाई तं परिनामाले तुमीच जबाबदार. माय म्हने, उगा कायले झंझट, तू जाऊन सांगून ये."

काकांनी मृत्यूचा दाखला हातात घेतला, चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाले, "गैरहजेरी माफ."

"लेखी भेटन काय साहेब?"

काकांनी लेखी दिलं. तो माणूस कागदाची घडी करून खिशात ठेवून निघाला, तेव्हा त्याच्या मनावरचं ओझं उतरलेलं स्पष्ट दिसत होतं.

मग एक नवराबायको आले. बायकोनं पोटगीसाठी दावा केला होता, तो शांत होता. शांत असण्याचं कारण त्या दोघांना एक मुलगी झाली होती आणि ती आता शाळेत जात होती. "आमी तं मांगंच एक झालो, मॅडम," ती माझ्या मैत्रिणीला सांगत होती. "सांगाचं राहून गेलं." नवरा उजवीकडच्या खुर्च्यांत बसला होता, बायको डावीकडच्या. तसं बसायला कोणी सांगितलं नव्हतं.

आणि मग एक म्हातारे बाबा आले. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, टोपी, कापडी पिशवी. सकाळच्या गाडीनं धामणगाव रेल्वे या गावाहून आले होते. सगळ्यांत आधी आलेले तेच, पण पुढे न येता मागे उभे राहून वाट पाहत होते. अखेर त्यांनीच विचारलं, "साहेब, माह्या नावाचा पुकारा कवा होईन?"

"तुमी कोन?"

"मी साक्षीदार."

कशातले, ते काकांनाही आठवेना. मुन्शींनी कागद शोधून आणला. धामणगावात कापसाची दोन गोदामं शेजारी शेजारी होती. एक अकोल्याच्या व्यापाऱ्याचं, तो काकांचा माणूस. दुसरं तिथल्याच एकाचं. दोघांच्या मधली भिंत शेजाऱ्यानं गुपचूप आपल्या सोयीनं सरकवली, असा दावा होता. काकांचा व्यापारी पुढे गोदाम विकून नागपूरला निघून गेला, दावा कोणी मागे घेतला नाही, तो तसाच राहिला. बाबा तेव्हा त्या गोदामावर राखणदार होते.

"दरखेपेला मी येवो, दरखेपेला पुढची तारीख," बाबा म्हणाले. "मंग तारीखच याची बंद झाली. मले वाटलं, इसरले. पन मी इसरलो नाई. दिवे लागले का सुनेले सांगत असतो, काय काय पाह्यलं ते. नाई तं पुसून जाते ना साहेब."

काकांनी त्यांना समजावलं. बाबा, आज रविवार. इथं जज्ज नाहीत. हे माझं घर आहे.

"तुमी हाये ना," बाबा म्हणाले.

काका उठून आत गेले. मला वाटलं, पाणी प्यायला गेले. बाहेर आले ते काळा कोट घालून, त्या उन्हात. मुलीला म्हणाले, "समोरच्या बाजूनं तू उभी राय."

समोरच्या बाजूचा माणूस, म्हणजे भिंत सरकवल्याचा आरोप असलेला, उजवीकडे चौथ्या रांगेत होता. तो हात वर करून म्हणाला, "माहा वकील येगळा हाय."

"आला काय तो?"

"नाई. त्याले सांगतलं नाई."

"मंग ही हाय. चांगली हाय, माही पोरगी हाय."

साक्ष लिहून घ्यायला कोणीतरी हवं होतं. सगळ्यांनी माझ्या लॅपटॉपकडे पाहिलं. इतके महिने खपून मी जे बनवलं होतं ते मिटवून मी एक कोरं पान उघडलं आणि टाइप करायला बसले.

बाबांनी टोपी नीट केली, पिशवी जमिनीवर ठेवली आणि सुरुवात केली. तान्ह्या पोळ्याचा दिवस होता. लहान पोरं लाकडी बैल घेऊन फिरत होती. बाबा गोदामावर जायला निघाले तेव्हा सुनेनं, तेव्हा ती नवीनच होती, करंज्या बांधून दिल्या होत्या. करंज्या किती होत्या आणि त्यातली एक कशी फुटली होती, हे सांगून झालं. काकांनी त्यांना घाई केली नाही. मग बाबांनी पाहिलं की गोदामाच्या मागे मिस्त्री भिंतीच्या एका बाजूच्या विटा काढतोय आणि दुसरीकडे रचतोय.

"मी इचारलं, काहून मिस्त्री, भिंत कुठी चालली? तं तो म्हने, कुठी नाई, थोडी सरकून बसते."

इथे बाबा थांबले. मग ते काकांना म्हणाले, "आता तुमी मले इचारा, मिस्त्रीनं काय घातलं होतं."

"मिस्त्रीनं काय घातलं होतं?" काकांनी विचारलं.

"लाल बनियान," बाबा समाधानानं म्हणाले.

मग मैत्रीण उलटतपासाला उभी राहिली. मला वाटलं ती दोन सोपे प्रश्न विचारून सोडून देईल. पण कोर्टात उभी राहिली की ती कोणाची नसते, हे मला माहीत नव्हतं.

"तुम्ही चष्मा वापरता?"

"हो. आता."

"तेव्हा वापरत नव्हता?"

"नाई."

"मग चष्म्याशिवाय तुम्हाला बनियानचा रंग कसा दिसला?"

"तवा दिसत होतं म्हनूनच तं चष्मा नोता, बाई."

डावीकडच्या खुर्च्या हसल्या. काकांनी हात वर करून गप्प केलं.

"बरं. ती भिंत होती कोणाची?"

"थे मले काय मालूम? मी साक्षीदार हाव. मालक थोडी हाव."

यावर उजवीकडच्या खुर्च्या हसल्या. मैत्रिणीनं वडिलांकडे विजयी नजरेनं पाहिलं आणि ती खाली बसणार, तेवढ्यात चौथ्या रांगेतला तिचा नवा अशील उठला. तोही म्हातारा झाला होता. "सारं बरोबर बोलून राह्यला हा," तो म्हणाला. "करंजी मले मालूम नाई, पन भिंत सरकवली होती मी."

आपल्याच अशिलानं आपल्या डोळ्यांदेखत दावा बुडवला, तसं माझ्या मैत्रिणीचं तोंड झालं.

"काहून सरकवली?" काकांनी विचारलं.

"मले वाटलं, कोनी पाहून नाई राह्यलं."

"आता कुठी हाय थे भिंत?"

"पडली. तिथं मोबाइलचं दुकान हाय आता. माह्या जावयाचं."

भिंत राहिली नव्हती, गोदामं राहिली नव्हती, दावा लावणारा गाव सोडून गेला होता. पण बाबांनी विचारलं, सही कुठं करू? ऑफिसच्या प्रिंटरवर मी साक्षीची प्रत काढली. बाबांनी ती मला मोठ्यानं वाचायला लावली, 'फुटलेली करंजी' राहून गेली होती ती घालायला लावली, आणि मग सावकाश सही केली. भिंत सरकवणाऱ्यानं त्यांना आपल्या गाडीतून धामणगावापर्यंत सोडायचं कबूल केलं. जाताना दोघं कोण कोण वारलं याची चर्चा करत होते.

संध्याकाळी आवार रिकामं झालं, खुर्च्या टेम्पोत गेल्या. काका कोट न काढता बसून होते. "एवढे मानसं," ते म्हणाले, "एका जागी मी पयल्यांदा पाह्यले." त्यांना मी इतकं आनंदी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी किती भांडणं मिटली, असं कोणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. काही मिटली. दोन नवीन सुरू झाली, खुर्च्यांत शेजारी शेजारी बसल्यामुळे.

परिणाम व्हायचा तो झालाच. ज्यांचे अशील काकांच्या अंगणात चहा पिऊन आले होते, ते वकील भडकले. दुसऱ्याचा अशील परस्पर बोलावणं हे वकिलीत मोठं पाप. वकील संघाच्या खोलीत ज्येष्ठ मंडळींची बैठक बसली आणि काकांनी मला सोबत नेलं. मी घाबरत घाबरत 'पक्षकार' या शब्दाचे दोन अर्थ समजावून सांगितले. तिथे बसलेल्यांना ते माझ्या जन्माआधीपासून माहीत होते, पण मग खरा अर्थ कोणता यावर त्यांच्यातच जुंपली. एक म्हणाले पहिला, एक म्हणाले दुसरा, तिसऱ्यांनी संस्कृत काढलं. तक्रार मागे पडली. अखेर काकांनी दिलगिरी लेखी द्यावी असं ठरलं, काकांनी मसुद्यासाठी वेळ मागितला आणि सगळ्यांनी तो आनंदानं दिला. बाहेर पडताना ज्यांनी तक्रार केली होती त्यांतले एक मला जिन्यात गाठून म्हणाले, "मॅडम, असं आमच्याही ऑफिसले करून द्याल काय? फक्त मानसं एवढे नोको."

मी सॉफ्टवेअर दुरुस्त केलं. रकान्यांची नावं बदलली: 'आपला माणूस', 'समोरचा', 'साक्षीदार'. मेसेज मैत्रिणीच्या मजकुराचा जातो, फक्त आपल्या माणसाला जातो. अमरावतीत ते उत्तम चालतं. अकोल्यात मुन्शी ते चालवतात आणि काका मागे उभे राहून पाहतात. मधून मधून ते मला फोन करून हळूच विचारतात, पुन्हा एखादा रविवार लावता येईल का. मैत्रिणीनं मला सक्त मनाई केली आहे. काकांनी त्यावर अपिलाचा हक्क राखून ठेवला आहे.

त्यानंतर काही आठवड्यांनी मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. मेसेजखाली माझा नंबर होता, त्यावरून. पलीकडे धामणगावच्या त्या बाबांची सून होती.

"मॅडम, मामंजीची साक्ष झाली ना तुमच्याकडं?"

मला धास्तावल्यासारखं झालं. म्हटलं, हो, झाली, का हो?

"नाई, चांगलंच झालं. पन आता त्यायले दिवे लागल्यावर सांगाले काही उरलं नाई. आदी रोज थेच थे आयकून माहे कान पिकले होते. आता जेवतात अन् गुपचूप बसतात. घर खायाले उठते." जरा थांबून तिनं विचारलं, "दुसरी एखादी साक्ष हाय काय त्यायच्यासाठी? लहानशी असली तरी चालन."

मी म्हटलं, ताई, साक्षीला काहीतरी पाहिलेलं असावं लागतं.

"थेच म्हनलं त्यायले मी बी," ती म्हणाली. "तवापासून रोज सकायी ठेसनावर जाऊन बसतात. कोनती गाडी आली, कोन उतरलं, कोनाच्या हाती काय होतं, सारं ध्यान लावून पाह्यतात. म्हंते, बलावणं आलं तं तयार असलेलं बरं."